चांगुणाचा नारळ कोणत्या समुद्राला गेला

“मग मी खोटं सांगितलं का, बुवा?”

राघोबुवा मठाच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही.”

“आपला ओढा कृष्णेला मिळतो. कृष्णा पूर्वेला जाते, बंगालच्या उपसागराला. चांगुणाच्या बापाचं जहाज अरबी समुद्रात. नारळ ओढ्यात सोडला तर तो बंगालकडेच जाणार. यात चूक काय?”

“काही नाही.”

“मग तुम्ही बोलत का नाही?”

“तांदळात खडे आहेत.”

दिगंबर उभाच राहिला.

तो याच मठात वाढला होता. त्याला पहिलं अक्षर बुवांनी शिकवलं. पुढे कोल्हापूरला राहून तो भूगोल शिकून आला. गावातली पोरं सकाळी मठाच्या पडवीत शिकायला बसत. तिथे तो बुवांच्या हाताखाली शिकवायचा. तो वर्ग बुवा कधीतरी आपल्या हाती देतील, या आशेवर तो होता. हुशार होता. ते त्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नसे.

शिकवायचा मात्र मन लावून. नकाशावरून मापं घेऊन त्याने कुंभाराकडून सातही खंड घडवून, भाजून आणले होते. एक रुंद फळी निळी रंगवून ते तिच्यावर मांडले. महासागर वेगळे कळावेत म्हणून मध्ये खडूच्या रेघा ओढल्या. पोरं एकेक खंड उचलून नाव सांगत. रेघेवर बोट ठेवून हा महासागर कुठे संपतो तेही सांगत. तपासणीच्या साहेबांनी पाठ थोपटली होती.

चांगुणा घाटाखालची. कोळ्याची पोर. बाप मोठ्या जहाजावर खलाशी. शिकायला म्हणून ती घाटमाथ्यावर मावशीकडे राहिली होती. नारळी पौर्णिमेला तिची माणसं समुद्राला नारळ देतात. यंदा आई बाळंतीण, म्हणून पोरीने ते स्वतःच मनावर घेतलं. नारळाला सोनेरी कागद गुंडाळला, हळदकुंकू वाहिलं आणि गावच्या ओढ्यात सोडला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन आनंदाने सांगितलं.

दिगंबरने छडी घेतली आणि फळीवर दाखवलं, नारळ कुठे जाणार ते.

“चांगीचा नारळ बंगाली खाणार!” एक पोरगा ओरडला. सगळी हसली.

चांगुणा दुसरा नारळ घेऊन एकटीच घाट उतरायला निघाली. दूध घेऊन येणाऱ्या जीपवाल्याने तिला वळणावरून परत आणलं. त्यानंतर ती वर्गात आली नाही.

“पोरं हसली,” दिगंबर म्हणाला. “मी हसलो नव्हतो.”

“नारळ कशाचा होता?”

“नवसाचा असेल. काहीतरी मागितलं असेल.”

“विचारलंस?”

“नाही.”

“विचारून ये.”

दिगंबर गेला. परत आला तेव्हा पायऱ्या चढताना त्याचा पाय जड होता.

“बुवा… काही मागितलं नव्हतं.”

“मग?”

“गेल्या साली तिच्या बापाचं जहाज वादळात सापडलं होतं. तो सुखरूप आला. त्याबद्दल समुद्राचे आभार मानायचे होते तिला.”

बुवांचा हात तांदळात थांबला.

“आणि काय म्हणाली?”

“म्हणाली, समुद्राला वाटणार, कोळ्यांनी आपला माणूस परत नेला आणि साधी आठवण ठेवली नाही.” तो खाली बघत होता. “घाट उतरून जायचं म्हणते. इथे शिकायचंच नाही म्हणते.”

“बोलाव तिला.”

“येणार नाही. माझ्याशी तोंड फिरवून बोलली.”

“सांग, म्हाताऱ्याने कधी समुद्र बघितला नाही. तिने बघितलाय. तिच्याकडे काम आहे.”

बुवांनी माजघरातून परात आणवली. भंडाऱ्याला कणीक मळायची, चांगली रुंद. पोरं गोळा झाली. बुवा म्हणाले, “फळीवरचे खंड हिच्यात मांडा. जिथल्या तिथे.”

पोरांनी मांडले. आशियावरून दोघांची झटापट झाली.

तेवढ्यात चांगुणा आली. पायरीखालीच उभी राहिली. हाताची घडी घातलेली.

बुवांनी पाण्याचा तांब्या दिगंबरच्या हाती दिला.

“बंगालचा उपसागर ओत.”

“म्हणजे?”

“तुला ठाऊक आहे तो कुठे आहे. तिथेच ओत. दुसरीकडे जाऊ देऊ नकोस.”

दिगंबरने हिंदुस्थानच्या उजव्या अंगाला, अगदी नेमकी धार धरली. पाणी साचलं. मग टोकाला वळसा घालून डावीकडे आलं. तिथून आफ्रिकेला लागलं.

“मास्तर, तुमचा बंगाल आफ्रिकेला निघाला की वो!”

“अडव,” बुवा म्हणाले.

दिगंबरने तळहात आडवा धरला. पाणी बोटांतून गेलं. त्याने दुसरा हात लावला. पाणी ऑस्ट्रेलियाच्या खालून गेलं.

“मास्तर, तिकडं अमेरिका बुडाली!”

पोरं हसून लोळायची बाकी होती. दिगंबर परातीत दोन्ही हात घालून बसला होता. बाह्या भिजल्या होत्या. एकदा त्याने रागाने पोरांकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे बघितलं… आणि त्यालाही हसू आलं.

चांगुणा पायरी चढून वर आली होती. परातीत वाकून बघत होती.

“काय गं, असाच असतो का?” बुवांनी विचारलं.

“ह्या!” ती म्हणाली. “एवढा गरीब नसतो.”

तिने परातीची कड धरून हिसका दिला. लाट उठली, आफ्रिकेवरून गेली आणि बुवांच्या धोतरावर आली.

“असा असतो होय,” बुवा म्हणाले.

“याहून मोठा.” ती कड धरून तशीच बसली. मग हळूच म्हणाली, “मग माझा नारळ?”

दिगंबरने बुवांकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस? मास्तर तू.”

दिगंबरने हात बाहेर काढले. तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“पोहोचेल.”

“माझ्या बापसाच्या समुद्राला?”

“तो निराळा नाही.”

“मग फळीवरच्या रेघा?”

“त्या मी ओढल्या.”

“कशाला?”

“नावं पाठ व्हावीत म्हणून.”

तिने थोडा विचार केला.

“कधी पोहोचेल?”

“ते…” दिगंबर थांबला. “ते मला ठाऊक नाही, चांगुणा. आणि त्या दिवशी आधी तुला विचारायला हवं होतं, नारळ कशाचा ते.”

ओरडणारा पोरगा नखं कुरतडत उभा होता. चांगुणाने त्याला कोपराने ढकललं, त्याच्या पुढ्यातली भिजलेली आफ्रिका उचलली आणि पदराने पुसावी तशी परकराने पुसली.

“आफ्रिका,” ती म्हणाली. “हिच्या बंदरातून माझा बापूस एकदा माझ्यासाठी शिंपला घेऊन आला होता.”

“कुठल्या बंदरातून?” दिगंबरने विचारलं.

ती सांगू लागली. त्याने छडी घेतली नाही. तो ऐकत बसला. पोरंही बसली. त्या सकाळी पडवीत पुस्तक कोणी उघडलं नाही.

दुपारी सगळी घरी गेली. चांगुणा जाताना म्हणाली, “उद्या येते, मास्तर.” दिगंबर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

मग तो आत आला. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

“वर्ग उद्यापासून तुझा,” बुवा म्हणाले.

दिगंबर उठला नाही. वर्गासाठी तो वाकलाच नव्हता.

“बुवा, पहिल्या अक्षरापासून आजच्या दिवसापर्यंत… तुम्ही दिलंत, मी घेतलं. कधी तोंडाने बोललो नाही. तुमचे हे उपकार मी कुठे फेडू?”

बुवांनी पाय मागे घेतले.

“माझ्याकडे आणू नकोस.”

“मग कुठे नेऊ?”

“जवळ जे पाणी असेल, त्यात सोड.”