करंजीची मुरड

तिचं कुणी खरं धरलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सगळ्यांनी डोळे पुसले. त्याला काय चाटायचंय?

जुनी गोष्ट आहे, पणज्यांच्याही आधीची. समुद्राकाठच्या एका मुलखात माणसं जमिनीखाली उतरून कथील खणायची. कथील सरलं, चुली विझल्या. तेव्हा एक बाई, तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ जहाजात बसून समुद्रापलीकडे गेले. तिथं काय, खाणच. देश बदलला, काळोख तोच. नवरा मात्र मुकादम झाला.

बाई रोज दोघांच्या डब्यात एकेक मोठी करंजी घालायची. आत बटाटा नि मटण, कडेला जाड मुरड. त्यांच्या मुलखाची रीत अशी, की काळ्या हातानं मुरड धरून करंजी खायची आणि मुरड खाणीतच टाकायची. म्हातारे म्हणत, ती खाणीत राहणाऱ्या बुटक्या भुतांची. ती भुतं कुणी पाहिली नव्हती. मुरड उंदीर खायचे. पण छत खचायच्या आधी उंदरांना कळायचं. ते पळाले की माणसं पळायची.

नव्या गावातले लोक हसायचे. "काय मुकादम, भुतांची पंगत उठली का?"

नवऱ्याला लाज वाटली. त्यानं हुकूम काढला, "मुरड वर आणायची. खाली कण सांडता कामा नये."

बाई म्हणाली, "अहो, भुतं नसतील, उंदीर तर आहेत! ते गेले तर सांगणार कोण?"

"तुला चूल कळते, खाण नाही."

"माझा बाप खाणीत म्हातारा झाला. तुमचा झाला का?"

हुकूम मात्र तसाच राहिला.

भावाला तिनं बजावलं, "तू तरी टाक रे."

"ताई, दाजी चारचौघांत झाडतात गं."

रोज संध्याकाळी दोन मुरडी घरी परत यायच्या. ती त्या कोंबड्यांना घालायची. कोंबड्या माजल्या. खाणीतले उंदीर महिन्याभरात गेले.

एका दुपारी छत बसलं. आधी कुणी पळालं नाही, म्हणून कुणालाच पळता आलं नाही. नवरा वर होता. भाऊ खाली.

मालक म्हणाला, दगडाचा दोष. गाव म्हणालं, बाईचीच जीभ काळी. ती भांडली नाही. दमली होती. तिनं भावाचा चेपलेला डबा उघडून नवऱ्यापुढे ठेवला. आत फडक्यात नीट बांधलेली मुरड होती. तिच्यावर बोटांचे काळे ठसे.

खाणीच्या कारकुनानं वही उघडून विचारलं, "दोष कुणाच्या नावावर लिहू?"

नवऱ्यानं ती मुरड उचलून हातात घेतली. मग बोलला.

लहानथोरांनो, जुन्या रीतीची लाज वाटली, तरी ती मोडण्याआधी ती कुणाला जगवत होती ते विचारा.

त्यानं स्वतःचंच नाव सांगितलं. पास्को.