ओल्या रंगावरचा हात

एका पेठेत एक वृद्ध रंगारी राहत असे. लाकडी कपाटांना एनॅमलचा चकचकीत रंग लावावा तर त्यानेच, अशी त्याची ख्याती होती. त्याने रंगवलेल्या दारावर ब्रशची रेघ शोधायला गेलेला माणूस त्यात स्वतःचाच चेहरा पाहून परत येई. त्याच्याकडे चाळिशीतला एक सुतार हे कसब शिकायला येऊ लागला. सुतार भारी नेटका. मुलीने पुस्तकांना कव्हरे घातली, तरी ती काढून तो स्वतः पुन्हा घाली. अलीकडे मुलगी त्याच्यासमोर कोणत्याच कामाला हात लावीत नसे. "तिला माझ्यासारखं जमत नाही," असे तो काहीशा अभिमानाने सांगे.

एकदा एका व्यापाऱ्याच्या कपाटाची सहा दारे रंगवायला आली. फटींत लांबी भरून, घासून, रंगाचे दोन हात झाले होते. शेवटचा हात म्हाताऱ्याने पाच दारांना दिला आणि सहावे शिष्यापुढे सरकवले. शिष्याने श्वास रोखून ते पुरे केले. मग तिरप्या उजेडात त्याला बारीक रेघा दिसल्या. तो पुन्हा ब्रश टेकवणार, तोच म्हाताऱ्याने ब्रश काढून घेतला, त्याला खोलीबाहेर नेले, कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

"आबा, रेघा राहिल्यात. एकदाच हलका हात फिरवू द्या."

"उद्या सकाळी बघू," म्हातारा म्हणाला.

शिष्याला त्या दिवशी जेवण गेले नाही. पहिल्याच कामात व्यापाऱ्यासमोर नाक कापले जाणार, आणि तेही या म्हाताऱ्याच्या हट्टापायी, याचा त्याला मनस्वी राग आला.

सकाळी कुलूप उघडले. सहाव्या दारावर एकही रेघ नव्हती.

"हे कुणी नीट केलं?" शिष्याने विचारले.

"कुणी नाही. ब्रश उचलला की हा रंग आपला आपण पसरतो, आपल्या रेघा आपणच भरून काढतो. तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो. तो सुकून धरू लागल्यावर आपण नीट करायला गेलो, की रेघ कायमची बसते." मग म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या जुन्या फडताळाकडे बोट दाखवले. त्याच्या दारावर खडबडीत रेघांचे जाळे होते. "हे माझ्या मुलानं रंगवलं. चांगलं रंगवलं होतं रे. मीच त्याच्या मागून हात फिरवत गेलो. त्यानं ब्रश धुऊन ठेवला, तो पुन्हा धरला नाही. आता परगावी असतो. पत्रात माझ्या तब्येतीची चौकशी असते, बाकी काही नसतं. दार घासून पुन्हा रंगवता येईल मला. पण रंगवून काय करू?"

संध्याकाळी शिष्य घरी आला, तेव्हा मुलीची नवी पुस्तके चटईवर पडली होती. शेजारी खाकी कागदाची गुंडाळी तशीच होती.

"कव्हरं नाही घातलीस?"

"तुमचीच वाट बघत होते, अप्पा. शेवटी तुम्हीच घालता ना." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते.

"आज तू घाल," असे म्हणून त्याने कात्री तिच्याकडे सरकवली.

तिने कागद कापला, कड दुमडली. घडी तिरकी गेली. तिने लगेच, त्याने न मागताच, पुस्तक त्याच्यापुढे धरले. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बऱ्याच वेळाने तिने पुस्तक मागे घेतले आणि पुढची कड दुमडली. पण प्रत्येक घडीला ती मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. ती अशी किती वर्षांपासून पाहत आली असेल, हे आठवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.