हौसा सुईण आणि झोपेचा खजिना

एका राज्यात कर झोपेचा होता. धान्याचा नाही, सोन्यारुप्याचा नाही, झोपेचा. दिवेलागणीला घरातल्या थोरानं उंबऱ्यावरच्या मडक्यात तोंड घालून एक जांभई द्यायची, वर फडकं बांधायचं. सरकारी गाडी यायची, मडकी खजिन्यात न्यायची. ज्यानं जांभई दिली त्याची झोप थोडी कमी व्हायची, पण निभायचं. आणि जे दुसऱ्यांसाठी जागायचे, पुलाचा राखणदार, नावाडी, सुईण, त्यांना खजिन्यातून मडकं मिळायचं. फडकं सोडायचं, श्वास ओढायचा, आडवं व्हायचं. उठलं की हात पुन्हा स्थिर.

मग भद्रसेन राजा गादीवर आला. तो लहान असताना एका वर्षी खजिना रिता पडला होता; पुलाच्या राखणदाराला डुलकी लागली आणि राणीची पालखी पुरात गेली. ती त्याची आई. राजा झाल्या झाल्या त्यानं मेघडंबर जादूगाराला बोलावलं. म्हणाला, "खजिना कधी रिता होऊ नये." जादूगारानं दाराला काळा दोरा बांधला, मंत्र घातला. दार मडकी आत घेई, बाहेर देईना. वर एक पिंगळा, छोटं बोलकं घुबड, राखणीला बसवला. आणि राजा स्वतः दारासमोर खाट टाकून जागत बसला. राखण करायची तर जांभई कुठून देणार? त्याचं मडकं कोरडंच राहिलं.

पुढं काय व्हायचं ते झालं. नावाडी वल्ह्यावर पेंगू लागले. पूल मोडला, कुणी बांधला नाही. लोक म्हणाले, आमची जांभई जाते कुठं? आणि मडक्यात खोटी जांभई देऊ लागले. नुसता आ करायचा, फडकं बांधायचं.

त्या राज्यात हौसा नावाची सुईण होती. पंचक्रोशीत तेवढीच. तिला आता किती रात्रींची झोप बुडाली होती, ते तिलाही आठवत नव्हतं. परवा एका बाळंतिणीपाशी बसल्या बसल्या तिची मान पडली. नशीब, बाई वाचली. आता तिची स्वतःची लेक अनसा हिचे दिवस भरत आले होते आणि पोटातलं बाळ आडवं होतं. ते फिरवायला हात स्थिर लागतो. हौसाचे हात कापत होते.

"आई, तू झोप की जरा," अनसा म्हणाली.

"झोप काय झाडाला लागते?" हौसा म्हणाली, आणि पदर खोचून खजिन्याकडं निघाली.

दारावरचा पिंगळा म्हणाला, "हौसाबाई, दार उघडायला तीन गोष्टी लागतात. खुशीनं दिलेली जांभई, जादूगाराचा सोडलेला दोरा, आणि राजाचं भरलेलं मडकं."

"एवढंच?" हौसा म्हणाली. "मेल्या, आधी का नाही बोललास?"

"कुणी विचारलंच नाही."

ती दारोदार फिरली. लोकांनी दारं लावून घेतली. कुंभाराची म्हातारी तर ओरडलीच, "राजाला माझी पेंगसुद्धा देणार नाही!"

"राजाला नको देऊ," हौसा म्हणाली. "माझ्या अनसाला दे. माझे हात बघ."

म्हातारीनं हात पाहिले. कापणारे, सालपटलेले. तिची चारही नातवंडं याच हातांत आली होती. तिनं मडकं ओढलं आणि अशी जांभई दिली की डोळ्यांतून पाणी आलं. "घे. आधीच सांगायचं होतंस कुणाला जातंय ते."

मेघडंबर जादूगार टेकडीवर बसून डोकं दाबत होता. हौसानं दोरा मागितला.

"मंत्राच्या बदल्यात मला वर्षाची मडकी मिळायची होती," तो कण्हला. "पण माझ्याच मंत्रानं दार बंद. एक मडकं बाहेर येत नाही. मीही झोपलो नाही, बाई."

"मग शहाण्या, सोड की."

त्यानं बोट वळवलं. तिकडं दारावरचा दोरा सुटून खाली पडला. दार मात्र हललं नाही.

उरला राजा. खाटेवर बसलेला, डोळे लाल, मिशा पांढऱ्या.

"महाराज, मडक्यात जांभई द्या," हौसा म्हणाली.

"मला झोप लागली तर खजिना कोण राखील?"

"आणि माझी लेक अडली तर तिला कोण राखील?"

"बाई, रित्या खजिन्यानं माझी आई नेली."

हौसा खाटेच्या कडेला टेकली. "रित्यानं तुमची आई नेली, महाराज. भरलेला माझी लेक नेतोय. पुलावर तेव्हा माणूस पेंगत होता, आज नावेवर पेंगतोय. मग तुम्ही राखलंत काय?"

राजानं खाटेखाली हात घातला. मग त्यानं आपलं कोरडं मडकं उचललं, धूळ फुंकली आणि तोंड घातलं. एवढ्या वर्षांची जांभई होती ती. महालावरची कबुतरं उडाली. हौसानं म्हातारीचं मडकं शेजारी ठेवलं. दार उघडलं. राजा तिथंच उंबऱ्यावर कलंडला आणि घोरू लागला.

आतली निम्मी मडकी पोकळ निघाली, खोट्या जांभयांची. दार उघडल्याचं कळून जमलेल्या गर्दीतल्या पुष्कळांच्या माना खाली गेल्या. भरलेलं एक मडकं पिंगळ्यानं हौसापुढं ढकललं. ती तिथंच, राजाच्या पायांशी, भर दुपारी झोपली.

उन्हं कलली तेव्हा तिला उठवलं. अनसाला कळा लागल्या होत्या. हौसानं हात धुतले, पाहिले. हलत नव्हते. बाळ फिरलं, सरळ झालं, आलं. मुलगी. आल्या आल्या तिनं जांभई दिली.

"हिची नको घेऊ," अनसा म्हणाली. "हिला अजून कर लागू नाही."

तेव्हापासून त्या राज्यात पहिलं मडकं राजाचं असतं. गाडी भरून येते, भरून जाते, आणि गाडीवान दारोदार ओरडतो, कालची जांभई नावाड्याला गेली, परवाची सुईणीला. लोक अजून कुरकुरतात. पण जांभई खरी देतात.

ज्यांच्यासाठी कुणी जागतं, त्यांनी आता निजावं, दिवा मालवावा.