कायमचा रहिवासी

वसईच्या सिसिलियाबाई डाबरे आणि त्यांचे पती बस्त्याव यांनी कुवेतमधली नोकरी संपल्यावर हिंदी महासागरातल्या एका बेटावर म्हातारपण काढायचं ठरवलं. माडांच्या बनात घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि बस्त्याव तापाने गेले. छप्पर घालायला परवानगी हवी होती, म्हणून बाई एकट्याच कचेरीत गेल्या.

नुकताच आलेला अधिकारी भलताच तोऱ्यात होता. भरल्या कचेरीत तो मोठ्याने म्हणाला, "परक्याला इथे घर बांधायचं, तर गावचा कायमचा रहिवासी असलेला नातेवाईक लागतो. तुमचं कोण आहे इथे?"

"मिस्टर आहेत."

"कुठे राहतात?"

"चर्चमागच्या दफनभूमीत. आठ महिन्यांत एकदाही गाव सोडून गेले नाहीत, पुढेही जायचे नाहीत. त्यांच्याइतके कायमचे तर तुम्हीही नाही, साहेब. तुमची बदली होते."

कचेरीत हशा पिकला. अधिकाऱ्याने मान खाली घालून शिक्का मारला.

बाहेर आल्यावर बाईंनाही हसू फुटलं. हे कधी एकदा घरी जाऊन सांगते असं त्यांना झालं, आणि घरी कोणीच नाही हे आठवलं. मग कागद हातात धरून त्या चर्चमागे वळल्या.