डोंगराची नवरी

बूट काढा आधी. तो दगड बसायला नाय. हळद दिसत नाय का त्याच्यावर?

ह्या डोंगराला आम्ही जावई म्हणतो. हसू नका. जावईच हाय तो आमचा.

असं सांगतात, लय मागं इथं राजाचे मोजणीदार आले. म्हणाले, "शीव दाखवा, नायतर रान राजाचं." आमची शीव कागदावर कुठली? ती गाण्यात होती. झरे, मोह, खडक, सगळी नावं ओळीनं. ते गाणं यायचं एकट्या बुधी धवलेरीला. धवलेरी म्हंजे आमच्यात लगीन लावणारी बाई. लग्नाबिगर ते गायचं नाय, असा नेम. आमच्या लोकांची अक्कल बघा, सगळं रान एका बाईच्या गळ्यात ठेवलं, पोरांना शिकवलंच नाय!

लग्नाचे दिवस नव्हते. मोजणीदार थांबंनात. बुधी म्हणाली, "नवरा हा डोंगर. हळद आणा."

"आणि नवरी गं?"

कोण आपली पोर देतंय? मग तिनं स्वतःलाच हळद लावली. घरधनी कपाळ बडवत बसला. ती गात पुढं, मोजणीदार चिरे रोवत मागं. रान वाचलं म्हणे. पण लगीन लागलं ते लागलं. ती नांदायला वर निघाली. तिची लहानगी सोमी पदर सोडीना.

"आये, कधी येशील?"

"मी नाय येणार. तुम्ही पोरांनी यायचं, माहेरची खबर घेऊन. शीव गायची. एक नाव गाळलंत तर मी समजंन, ते गेलं."

ती त्या कपारीत शिरली, परत कुणाला दिसली नाय.

तवापासून म्हातारी माणसं पोरांना गाणं शिकवतात, आणि पोरं दरसाल हळद घेऊन वर येतात. हीच आमची शाळा. सोमी पहिली शिकली, त्या दिवशी आयेचा पदर धरून शिवंवर चालता चालता.

आता खाली बघा. ती धूळ खडी मशीनची. वाघखडक फोडला. करवंदीची झरी आटली. मोहाचं टेपाड तारेच्या कुंपणात गेलं. चिरे उपटून फेकले. पोरं आश्रमशाळेत, सुट्टीत येतात, निम्मी नुसतं तोंड हलवतात.

आजही आम्ही सगळी नावं गातो. एक सोडत नाय. यंदा एक पोरगी म्हणाली, "आजा, वाघखडक तर नाय राहिला. मग खोटं का गायचं?"

खेकसलो तिच्यावर. "गा गप!"

नांदत्या लेकीला माहेर बुडालं असं तोंडानं सांगतात व्हय?

पण सुरुंगाचा आवाज वरपर्यंत जातो. त्याला मी काय करू?