घट : नाही

विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बरं? मालात काय आहे ते सांगणाऱ्यावर, की मालातून काय गेलं ते सांगणाऱ्यावर?

आमच्या बेदाण्याच्या धंद्यात एकदा एक गृहस्थ मला म्हणाले, "शेठ, द्राक्ष वाळवलं, पण वजनात घट म्हणून नाही." मी त्यांना चहा पाजला आणि माल परत धाडला. वाळलं की घट येणारच. 'घट नाही' म्हणणाऱ्याचं पोतं आधी उघडून बघावं.

पण हे शहाणपण मला पोत्यापुरतंच ठाऊक होतं.

जतकडच्या एका लहानशा मठात थोरल्या स्वामींची पुण्यतिथी होती. मी बेदाण्याची पेटी घेऊन गेलो, तर हल्लीचे स्वामी, अप्पाजी, शिष्याला विचारत होते,

"काहीच गेलं नाही म्हणतोस?"

"काहीच नाही, अप्पाजी."

शिष्य म्हणजे विरूपाक्ष. कॉम्प्युटर शिकून आलेला, हुशार, आणि ते त्याला ठाऊक असलेला.

थोरल्या स्वामींच्या शेवटच्या प्रवचनाचा व्हिडिओ मठात एवढा एकच. कॅसेट बुरशीनं गेली. त्याआधी कुणीतरी ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती, म्हणून वाचलं. पण फाइल इतकी जड, की भक्तांच्या फोनवर जाईना. विरूपाक्षानं ती लहान करून पेन ड्राइव्हवर घेतली होती. त्याच्या डबीवर चिठ्ठी : 'आकार लहान. घट : नाही.'

"कसं साधलंस?"

"जुन्या चित्रात अंधाऱ्या जागी कण वळवळतात, अप्पाजी. मुंग्या आल्यासारखे. सगळी जागा तेच खातात. ते पुसले. चित्र उलट स्वच्छ झालं. थोरल्या स्वामींच्या भुवईचा केसन् केस दिसतोय."

"आणि मूळचं?"

"उडवलं. आता त्याचं काय काम?"



तेवढ्यात महादेवी आली. बाजारात बांगड्या विकणारी बाई. दर पुण्यतिथीला यायची, व्हिडिओ लावायला सांगायची, बघायची, प्रसादाला बसायची. केवढी भक्ती, असं आम्ही म्हणत असू.

विरूपाक्षानं मोठ्या हौसेनं व्हिडिओ लावला.

ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली. स्वामींकडे तिचं लक्षच नव्हतं. ती डावीकडच्या कोपऱ्यात बघत होती.

"दादा, उजेड कमी केलाय का?"

"उलट वाढवलाय, ताई."

"मग इथं... काही हलत का नाही?"

"तिथं नुसता अंधार. स्वयंपाकघराचं दार आहे ते."

"होय. दारच आहे."

प्रवचन संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग पदर सावरून उठली.

"छान दिसतात महाराज आता."

विरूपाक्षाचा चेहरा उतरला होता. "ताई, तिथं काय होतं?"

"आई बसायची आत. दासोहाच्या पंगतीचे तांदूळ पाखडत. महाराज बोलायला बसले की स्वयंपाकाच्या बायांनी उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत होती ना? तोंड नव्हतंच दिसत तिचं. नुसतं सूप हलायचं, अंधारात पुसटसं..."

तिनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

"फोटो कधी काढला नाही तिचा. असू दे, दादा. तुम्हाला काय ठाऊक."

"जेवून जा, महादेवी," अप्पाजी म्हणाले.

"आज नको, अप्पाजी. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

ती गेली. पुण्यतिथीला बाजार बंद असतो, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

विरूपाक्ष कॉम्प्युटरपुढं बसला. हे उघड, ते उघड. "असेल, कुठंतरी असेल..." मग त्याचे हात थांबले.

अप्पाजींनी माझ्या पेटीतला एक बेदाणा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"याचं द्राक्ष कर."

विरूपाक्षानं बेदाणा बोटांत फिरवला.

"पाणी आणू? पाण्याशिवाय काय गेलंय त्यातलं? गोडी तर वाढलीच आहे."

विरूपाक्षानं मूठ मिटली. डोळे भरून आले त्याचे.

"मला प्रायश्चित्त सांगा, अप्पाजी. यापुढं कशाला हात लावणार नाही मी."

"लावायचा. कपाटभर भजनांच्या फिती पडल्यात. जागा कुठाय आपल्याकडं? उतरवून घे, लहान कर."

"आणि पुन्हा असंच झालं तर?"

अप्पाजींनी डबी उचलली. चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"त्या सूपवाल्या बाईचं नाव काय होतं?"

विरूपाक्षानं माझ्याकडं पाहिलं. मी तर तिच्या हातचा भात जेवलेलो. मलाही सांगता येईना...

"पार्वतव्वा," अप्पाजी म्हणाले. "हा 'नाही' खोड, आणि तिथं तिचं नाव लिही. हिशेब खरा ठेव, बाबा."