धुरपदाची साक्ष

डोंगराच्या उतारावर एक लहानसे गाव होते. धुरपदा अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, तरी तिथेच होती.

तिला सात मुले झाली, त्यांतली तीन जगली. तिने दोन दुष्काळ पाहिले, पटकीची एक साथ पाहिली. तिच्या लग्नात जेवलेली सगळी मोठी माणसे एकेक करून गेली, तेही तिने पाहिले. तिची आठवण दांडगी होती. कोणाचे मूल कोणत्या साली झाले, कोणाची लेक कुठे दिली, ओढ्याने वाट कधी बदलली, सारे ती सांगे. सोयरीक जुळवायची असो की भावाभावांची वाटणी असो, लोक आधी तिच्या ओसरीवर येत. जे आठवत नसे, त्याला ती सरळ ‘आठवत नाही’ म्हणे. म्हणून ती जे आठवते म्हणे, त्यावर कोणी वाद घालत नसे.

एक गोष्ट मात्र तिला पक्की आठवत होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या नवऱ्याचे नाव गेनू. गेनूचे शेत आणि सोमाजीचे शेत शेजारी शेजारी होते. वरच्या टोकाला बाभूळ, खालच्या टोकाला एक उभा दगड; या दोहोंमधली रेघ म्हणजे हद्द. मोजणीदार त्या गावापर्यंत अजून पोचला नव्हता. सोमाजीच्या बाजूला, दगडालगत, काळ्या मातीचा एक पट्टा होता. तिथली माती चैत्रातसुद्धा ओलसर लागे. गेनूची नजर त्या पट्ट्यावर होती.

एका वर्षी नदीपलीकडच्या जत्रेला सारे गाव गेले. धुरपदाच्या अंगावर तीन महिन्यांचे मूल होते, म्हणून ती मागे राहिली. गेनूही राहिला. भर दुपारी त्याने तिला शेतात बोलावले. तिने मुलाला बाभळीला बांधलेल्या झोळीत घातले. गेनूने पहार लावली, धुरपदाने रेटा दिला. दोघांनी मिळून दगड उपटला, लोटत लोटत वीस पावले पलीकडे नेला आणि तिथे पुरला. जुना खड्डा बुजवून वर हुलगे पेरले.

“हे बरं नव्हं,” धुरपदा म्हणाली.

“पोराकडं बघ आणि गप ऱ्हा,” गेनू म्हणाला.

ती गप्प राहिली.

जत्रेहून परतलेल्या सोमाजीला पहिल्याच सकाळी फरक कळला. ज्याने वीस वर्षे एक जमीन नांगरली, त्याला ती पायांनी कळते. तो आठ वर्षांच्या लेकीचा, येसूचा, हात धरून चावडीवर गेला. “माझा दगड हलवलाय,” तो म्हणाला.

पंचांनी गेनूला विचारले. गेनूने कानावर हात ठेवले. जत्रेच्या दिवशी कोणी काही पाहिले नव्हते, कारण पाहायला गावात कोणी नव्हतेच. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडले, “दगडाला काय पाय फुटले का रं, सोमाजी?” सारी चावडी हसली. शेजाऱ्याची जमीन लाटायला आलेला लबाड, असा सोमाजीवर शिक्का बसला. त्या दिवसापासून त्याच्या घराला ‘पायफुटे’ हे नाव पडले.

धुरपदा बायकांच्या घोळक्यात पदर पुढे ओढून उभी होती. एका तरण्या सुनेला कोण विचारणार? तिला कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

गेनूने त्या पट्ट्यात विहीर खणली. बारा हातांवर पाणी लागले. सोमाजी पुढे सहा वर्षे जगला; त्या सहा वर्षांत तो पुन्हा चावडीची पायरी चढला नाही. नंतर गेनूही तापाने गेला. झोळीतले ते मूल, तुळशीराम, मोठा झाला. त्याने विहिरीच्या पाण्यावर लिंबाची बाग लावली. बाग चांगली धरली. त्याला दगडाची हकिगत ठाऊक नव्हती.

सोमाजीला येसू ही एकच लेक. ती नवऱ्याला घेऊन बापाच्या शेतावरच राहिली, तिथेच म्हातारी झाली. तिच्या नातीचे लग्न ठरत आले होते. सुपारी फुटायच्या आधी मुलाकडच्यांनी गावात चौकशी केली. कोणीतरी सहज हसत सांगितले, “पायफुट्यांची पोर का? त्यांच्या पणज्यानं दगडावरून खोटा आळ घेतला होता.” पाहुणे निरोप न घेताच गेले.

येसूने दुसऱ्या दिवशी पाटलाचे दार गाठले.

“पाटील, माझा बाप खोटारडा होता का नव्हता, त्याचा निवाडा करा,” ती म्हणाली. “मी सत्तरी ओलांडली. हे नाव नातीच्या सासरी पाठवून मला मरायचं न्हाई.”

पाटलाने पंचांना बसवले. दगडाच्या तंट्यावेळी जाणते असलेले एकच माणूस आता हयात होते. धुरपदाआजी सांगेल ते मान्य, असे येसूने कबूल केले. तुळशीरामाने तर हसत कबूल केले. आईचा शब्द म्हणजे निकाल आपल्याच बाजूचा, असे त्याला वाटले.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना तो म्हणाला, “आई, उद्या तुला येवढंच सांगायचंय, दगड होता तिथंच हाये.”

धुरपदाने हातातला घास ताटात ठेवला आणि त्याला सारे सांगितले.

तुळशीरामाने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, “पासष्ट वर्षं गप बसलीस. आता आणखी चार दिवस बस.”

“तवा मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंय.”

“मग आठवत न्हाई म्हण. तुझ्या वयाच्या बाईला कोण नाव ठेवील? कुणाचं वाईट होणार न्हाई.”

“येसूच्या नातीचं झालंय.”

तुळशीराम उठून उभा राहिला. “आई, नुसती विहीर जात न्हाई. तुझ्या शब्दावर या गावात किती वाटण्या झाल्या, किती लग्नं झाली! उद्या लोक म्हणतील, हिनं घरची चोरी लपवली, मग आमचं काय खरं सांगितलं असंल? बाबांचं नाव जाईल. तुझंबी जाईल.”

विहिरीचे दुःख धुरपदाला होते. लिंबाची रोपे तिनेही घागरीने जगवली होती. पण मुलाचे हे शेवटचे बोलणे तिला जास्त लागले. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, हीच तिची म्हातारपणाची मिळकत होती. तीच उद्या आपल्या तोंडाने घालवायची होती. ‘आठवत नाही’ हे दोन शब्द सोपे होते आणि ते तिच्या तोंडून सगळ्यांना खरे वाटले असते. ती भिंतीला टेकून विचार करत राहिली. आपण आजवर जे जे खरे सांगितले, ते सारे दुसऱ्यांचे होते, हे तिच्या ध्यानात आले.

सकाळी सारे गाव चावडीवर जमले. धुरपदा काठी टेकत आली. पाटलाने तिला घोंगडीवर बसायला सांगितले, पण ती उभी राहिली.

“दगड हलवला,” ती म्हणाली. “माझ्या मालकानं पहार लावली आन मी ढकलला. वीस पावलं. सोमाजीभावजी खरं बोलत हुते.”

पाटील अडखळत म्हणाला, “आजी, लई जुनी गोष्ट हाये. वयामुळं गल्लत व्हते. नीट आठवून बोला.”

गाव तिला सुटायची वाट करून देत होते. धुरपदाने डावा हात वर केला. त्या हाताची करंगळी वाकडी होती आणि ती जात्यात सापडली होती, असे सगळे समजून होते.

“हे बोट जात्यात न्हाई सापडलं. त्या दगडाखाली सापडलं,” ती म्हणाली. “चला, कुठं हुता ते दावते.”

लोक तिच्यामागे शेतात गेले. दगडाच्या नव्या जागेपासून ती पावले टाकत मागे आली आणि विहीर ओलांडून थांबली. काठी जमिनीत रोवून म्हणाली, “हितं.”

विहीर सोमाजीच्या शेतात आली. लिंबाच्या दोन ओळीही आल्या.

“येसू, तुला आणखी काय पाहिजे?” पाटलाने विचारले.

“ज्या चावडीत माझ्या बापाला हसलात, तिथं त्याचं नाव घेऊन सांगा,” येसू म्हणाली.

सारे परत चावडीवर आले. पाटलाने पागोटे सारखे केले आणि उभा राहून मोठ्याने म्हणाला, “सोमाजी खरं बोलत होता. गावानं त्याला खोटं ठरवलं, ते चुकलं.” येसूने पदरात तोंड लपवले. बापाच्या हाताला धरून ती याच पायरीवरून खाली उतरली होती, त्याला पासष्ट वर्षे झाली होती.

जरा वेळाने ती धुरपदापुढे येऊन उभी राहिली. “काकू, माझा बाप जिता असताना बोलला असतात तर?”

“तर बरं झालं असतं,” धुरपदा म्हणाली. तिने क्षमाही मागितली नाही; ती मागायची ज्याच्याजवळ, तो नव्हता.

येसूने विहिरीचे पाणी एक दिवसाआड तुळशीरामाला घेऊ दिले. तरी निम्मी बाग वाळली. दोन वर्षांनी त्याने खडकाळ बाजूला स्वतःची विहीर खणली. तिला पाणी कमीच लागले. तो वर्षभर आईशी कामापुरते बोलला. येसूच्या नातीचे लग्न मात्र निकालाच्याच साली दुसऱ्या गावात झाले आणि पायफुटे हे नाव हळूहळू लोकांच्या तोंडून गेले.

तुळशीराम म्हणाला होता, तसे झालेही. कितीतरी महिने धुरपदाच्या ओसरीवर कोणी विचारायला आले नाही. एका घराने तिच्या शब्दावर झालेली जुनी वाटणी पुन्हा मोडून तपासली. ती तपासात बरोबर निघाली.

पुढच्या सुगीला शेजारच्या गावचे दोन भाऊ पाटलाकडे आले. आंब्याच्या झाडावरून त्यांचा तंटा पेटला होता. पाटील त्यांना धुरपदाकडे घेऊन निघाला. वाटेत थोरला भाऊ थबकला. “हीच ना ती, जिनं दगडाची गोष्ट जन्मभर लपवली?” त्याने विचारले.

“हीच,” पाटील म्हणाला. “दुसऱ्याविरुद्ध साक्ष देणारी माणसं मी ढीगभर पाहिली. आपल्याच घराविरुद्ध, आपल्याच हाताविरुद्ध देणारं हे एकच पाहिलं. दुसरं कुणी ठाऊक असंल तर त्याच्याकडं जाऊ.”

दोघे भाऊ त्याच्या मागून चालू लागले.

तात्पर्य: विचारले नाही म्हणून गप्प बसणाऱ्याच्या मौनाचे ओझे दुसऱ्या कोणाला तरी वाहावे लागते. कितीही उशीर झाला आणि स्वतःचे कितीही नुकसान झाले, तरी ते ओझे आपल्या खांद्यावर परत घ्यावे. जो स्वतःविरुद्ध खरे बोलतो, त्याच्या शब्दाला खरे वजन असते.